हिरव्यावर पिवळा रंग चढण्याआधी

भातलावणीचे दिवस होते. शेजारच्या वाडीतले एक काका वर्तमानपत्राची घडी घेऊन आले, पायांचा चिखल ओहोळातच धुतलेला. त्यांनी आतल्या पानावरच्या एका चौकटीवर बोट ठेवले. निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींमध्ये बारीक टायपात एक सूचना होती. अमुक गट क्रमांक ते तमुक गट क्रमांक शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. "यात आपली वाडी नाही ना?" काकांनी विचारले. वाडी नव्हती. पण वाडीच्या वरच्या अंगाची सगळी भातखाचरे होती. त्यांच्यातूनच पावसाचे पाणी सावकाश मुरत काकांच्या विहिरीपर्यंत येते. तारीख पाहिली तर महिन्यातले 19 दिवस उलटून गेले होते.

उरलेल्या 11 दिवसांत आम्ही जे केले ते बरेचसे घाईचे आणि निम्मे चुकीचे होते. आम्ही हिरवळीबद्दल, पूर्वजांबद्दल, निसर्गाच्या ऱ्हासाबद्दल लिहिले. ते सारे मनापासून होते. सुनावणीत समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "या गटांमधून पाणी वाहते म्हणता, नाला नकाशावर कुठे आहे?" आमच्यापैकी कुणाकडे नकाशा नव्हता. नाला तिथे होता, आम्ही त्यात पोहलो होतो, पण कागदावर तो दाखवता आला नाही. तेव्हापासून हरकत लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. हरकत म्हणजे पुरावा. आणि तो पुरावा शहरातल्या तज्ज्ञापेक्षा आधी गावातच सापडतो: विहिरीच्या काठावर, मोरीच्या तोंडाशी, पुराच्या पाण्याने भिंतीवर सोडलेल्या रेघेत.

कोणती सूचना, कोणते कलम

विकास योजनेच्या नकाशावर रहिवास विभाग पिवळा असतो, शेती आणि ना-विकास विभाग हिरवा. म्हणून लोक 'येलो झोन', 'ग्रीन झोन' म्हणतात. हिरव्याचा पिवळा होण्याचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येक रस्त्यावर हरकत घेण्याची जागा वेगळी आहे. त्यामुळे सूचना हातात आली की आधी ती कोणत्या कलमाखाली निघाली ते पाहा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हा यातला मूळ कायदा. गावाची किंवा शहराची अख्खी प्रारूप विकास योजना नव्याने प्रसिद्ध झाली असेल तर सूचना कलम 26 खालची असते. हरकतींना 30 दिवस मिळतात, बृहन्मुंबईत 60. मंजूर योजनेत मधूनच एखाद्या तुकड्याचा झोन बदलायचा असेल तर कलम 37, तिथे एक महिना. गाव अजून प्रादेशिक योजनेतच असेल तर बदल कलम 20 खाली होतो. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. आता बहुतेक ठिकाणी ती नियोजन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरही टाकतात, पण त्यावर विसंबू नका. गावातल्या वाचनालयात रोज वर्तमानपत्र चाळणारे एखादे निवृत्त गुरुजी असतात. त्यांना 'फेरबदल', 'हरकती व सूचना' आणि आपल्या गावाचे नाव एवढे पाहायला सांगा. इतका भरवशाचा पहारा दुसरा नाही.

कलम 37 मधल्या एका अटीकडे लोकांचे लक्ष जात नाही. या कलमाखालचा फेरबदल असा हवा की त्याने मूळ विकास योजनेचे स्वरूपच बदलणार नाही. कुठे एखादा कोपरा सरळ करायचा, रस्त्याची आखणी थोडी सरकवायची, यासाठी ते कलम आहे. त्याच्या आधाराने गावाची अर्धी शेतजमीन एका फटक्यात वसाहतीला जात असेल, तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच असावा: हा फेरबदल किरकोळ नाही, तो योजनेचे स्वरूप बदलतो. हे वाक्य क्षेत्रफळाच्या आकड्यासह लिहा. गावाची एकूण शेतजमीन किती हेक्टर, प्रस्तावात किती, टक्के किती.

हरकत कुणी घ्यायची? कायद्याचे उत्तर सोपे आहे: कोणत्याही व्यक्तीने. सातबाऱ्यावर नाव असलेच पाहिजे असे नाही. खंडाने शेती करणारा, त्या शेतात मजुरीला जाणारी बाई, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे कुटुंब, शाळेतली शिक्षिका, कुणीही. 1991 मध्ये बंगळुरूच्या एका उद्यानाच्या जागेवर खासगी रुग्णालय उभारण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या जागेबद्दल दाद मागण्याचा परिसरातल्या रहिवाशांचा अधिकार मान्य केला. 'तुमची जमीन नाही, तुमचा काय संबंध' असे कुणी म्हणाले तर हा निकाल लक्षात ठेवा.

पहिले तीन दिवस

सूचना कळली की पहिले काम प्राधिकरणाच्या किंवा नगररचना कार्यालयात जाऊन नकाशा डोळ्यांनी पाहणे. भ्रमणध्वनीवर कुणी पाठवलेला फोटो पुरेसा नाही. त्यात रंग बदललेले असतात, सीमा पुसट असतात. आपल्या भागाच्या नकाशाची प्रत आणि अहवालाची प्रत पैसे भरून मागा. प्रारूप योजनेच्या प्रती लोकांना मिळाल्याच पाहिजेत अशी कायद्यात तरतूद आहे. माहिती अधिकाराचा अर्जही द्या, शुल्क 10 रुपये. मात्र त्याच्या उत्तरालाही 30 दिवस असतात, म्हणजे तेवढ्यात हरकतीची मुदत संपते. त्या अर्जातली कागदपत्रे सुनावणीत उपयोगी पडतील, हरकतीसाठी त्यांची वाट पाहू नका.

प्रारूप विकास योजना असेल तर 'विद्यमान जमीन वापर' दाखवणारा नकाशा जरूर पाहा. योजना करण्याआधी आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचे सर्वेक्षण कायद्यानेच बंधनकारक आहे. या नकाशात चुका सापडतात आणि त्या महत्त्वाच्या असतात. पानमळा असलेल्या जागी 'पडीक' लिहिलेले, बारमाही वाहणारा ओहोळ गायब, तळ्याच्या जागी काहीच नाही. मुंबईची विकास योजना 2034 फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप म्हणून आली. तिच्यात अशा असंख्य चुका लोकांनी दाखवल्या, आरेच्या हिरव्या जमिनीबद्दलचे प्रस्तावही गाजले. एप्रिल 2015 मध्ये तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायचे आदेश निघाले. माणसे नकाशा घेऊन आपापल्या गल्लीत फिरली होती, त्याचे ते फळ होते.

आराखडा किंवा अहवाल फक्त इंग्रजीत असेल तर मराठी प्रतीची लेखी मागणी करा आणि तेवढी मुदत वाढवून मागा. राज्याचा कारभार मराठीत असावा यासाठी 1964 चा राजभाषा अधिनियम आहे, स्थानिक संस्थांसाठी 2022 चा वेगळा कायदा आहे. ज्या भाषेत गाव हरकत लिहिणार त्या भाषेत प्रस्तावच नसेल तर महिनाभराची मुदत खरी मुदत ठरत नाही. हे नम्रपणे पण लेखी सांगा.

वसईकडून शिकण्यासारखे

महाराष्ट्रात 'हरित पट्टा' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो मोठ्या प्रमाणात वसईमुळे. पश्चिमेकडचा तो भाग केळी, पानवेली, फुले आणि भाजीच्या वाड्यांचा. सुकेळी अजून तिथली ओळख आहे. त्या वाड्या जगल्या त्या गोड्या पाण्यावर, आणि समुद्र इतका जवळ असताना पाणी गोडे राहिले ते बावखलांमुळे. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, विहिरींना जिवंत ठेवते आणि खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या मोठ्या क्षेत्रात नागरीकरणाला वाट मोकळी झाली आणि 1990 मध्ये सिडकोकडे तिथल्या नियोजनाचे अधिकार गेले. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जात होते, त्यालाही त्या लोकांनी विरोध केला.

दिब्रिटो पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 मध्ये ते गेले. त्यांचे सगळे म्हणणे टिकले असे नाही, आणि वसईचा मोठा भाग इमारतींखाली गेलाच. तरी त्या आंदोलनाचे बळ कशात होते ते पाहण्यासारखे आहे. ते 'हिरवे वाचवा' एवढ्यावर थांबले नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे त्यांनी लोकांना दाखवले, आणि सामवेदी, वाडवळ, ख्रिस्ती, हिंदू अशा सगळ्या वाड्यांना ते आपल्या विहिरीचे म्हणणे वाटले. जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये पाणी दिवसेंदिवस ओसरेना, वीज नाही, मिठागरातली माणसे अडकलेली. तेव्हा पाण्याच्या वाटा अडल्याचे जुने इशारे पुन्हा आठवले गेले. हे लिहिताना मला समाधान वाटत नाही. खरा ठरलेला इशारा म्हणजे बुडालेली घरे.

तुमच्या गावात बावखल नसेल, पण काहीतरी असेलच: खाजण, उघाडी, गावतळे, पाझर, देवराई, गुरचरण. त्याचे काम काय हे सांगता आले पाहिजे. 'तळे सुंदर आहे' या वाक्याला नगररचनेच्या टिपणीत जागा मिळत नाही. 'या तळ्यात मे अखेरपर्यंत पाणी असते आणि त्याच्या खालच्या अंगाच्या 14 विहिरी त्यावर आहेत, यादी सोबत' या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

पाण्याचा हिशेब मांडा

मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध सर्वांत वजनदार मुद्दा बहुतेक वेळा पाण्याचा ठरतो, आणि तो मांडायला अभियंता लागत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज 135 लिटर हे प्रमाण सरकारी नियमावलीत धरले जाते. समजा प्रस्तावित जमिनीवर 2,000 सदनिका होणार आणि घरटी 5 माणसे धरली, तर 10,000 माणसे, दररोज 13.5 लाख लिटर. 10,000 लिटरचा टँकर धरला तर रोज 135 टँकर. वापरलेल्या पाण्याच्या सुमारे 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज जवळजवळ 10.8 लाख लिटर. ते कुठे जाणार? गावाच्या ओढ्याला एवढे पाणी पेलणार का? गावाची आजची नळयोजना किती लिटरची, ती केव्हा पूर्ण झाली, उन्हाळ्यात किती दिवसांआड पाणी येते? हे आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळतात.

विहिरींच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जा. त्यांच्या निरीक्षण विहिरींची मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा होते. आपल्या जवळची निरीक्षण विहीर कोणती ते विचारून काही वर्षांच्या नोंदी मागा. नदीकाठचे गाव असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा पाहा: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. पूररेषा आखलेली नसेल तर तेही हरकतीत लिहा. जिथे कागदी रेषा नाही तिथे गावाची रेषा काढा. जुन्या पुरात पाणी कुठवर आले होते ते देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर मोजा, फोटो काढा, तारीख लिहा, दोन वयस्कर माणसांचे लेखी निवेदन घ्या.

प्राणी, पक्षी, झाडे यांबद्दल लिहायचे असेल तर लोक जैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत आहे का पाहा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती अपेक्षित आहे. पुष्कळ गावांत ही वही कपाटात पडून असते आणि कुणी उघडत नाही. तिच्यातली एक नोंद दहा भावनिक परिच्छेदांपेक्षा उपयोगाची असते.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा, आणि तो फार कमी हरकतींमध्ये दिसतो: आधीचा पिवळा किती रिकामा आहे? मंजूर योजनेत रहिवास विभागात दाखवलेली किती जमीन आजही मोकळी आहे? ती अजून भरलेली नसेल तर नवी शेतजमीन पिवळी करण्याची गरज कुठून आली? या प्रश्नाने चर्चा योग्य जागी येते. घरे नकोत असे कुणी म्हणत नाही, आधी जिथे ठरले तिथे बांधा एवढेच म्हणणे असते.

हरकत कशी लिहावी

दोन पाने पुरतात. तीनहून जास्त नकोत. एकच मजकूर छापून 500 सह्या गोळा करण्याची पद्धत आहे. ती सभेत दिसायला चांगली दिसते, पण सारख्या हरकती एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले जाते. म्हणून मूळ मुद्दे एक ठेवा, मात्र प्रत्येकाच्या पत्रात त्याचा स्वतःचा गट क्रमांक, स्वतःची विहीर, स्वतःचा अनुभव असू द्या. पुण्याच्या जुन्या हद्दीची प्रारूप विकास योजना 2013 मध्ये आली तेव्हा 80 हजारांहून जास्त हरकती दाखल झाल्या. एवढ्या ढिगातून नेमकी ओळखता येईल अशी हरकत तीच, जिच्यात जागा स्पष्ट आहे.

नमुना असा असू शकतो. "मी, खाली सही करणार, मौजे ... येथील गट क्रमांक ... मध्ये राहतो/शेती करतो. आपल्या दिनांक ... च्या सूचनेतील गट क्रमांक ... ते ... चा रहिवास विभागात समावेश करण्यास माझी हरकत आहे. कारण एक: या गटांच्या मधून सरासरी ... फूट रुंदीचा ओहोळ वाहतो, तो प्रस्तावित नकाशात दाखवलेला नाही. गाव नकाशाची प्रत व फोटो सोबत. कारण दोन: या खाचरांच्या उतारावर ... विहिरी आहेत, यादी व ग्रामपंचायतीचा दाखला सोबत. कारण तीन: मंजूर रहिवास विभागातील ... हेक्टर जमीन अद्याप मोकळी आहे. माझी सूचना: सदर गट शेती विभागातच ठेवावेत; तसे न झाल्यास ओहोळाच्या दोन्ही बाजूंस ... मीटर पट्टा ना-विकास ठेवावा. मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी." तारीख, पूर्ण पत्ता, दूरध्वनी, सही.

शेवटची दोन वाक्ये विसरू नका. हरकतीबरोबर सूचनाही असावी, म्हणजे प्रस्ताव पूर्ण फेटाळला गेला नाही तरी ओहोळ वाचण्याची शक्यता राहते. आणि सुनावणी स्वतः मागून घ्या. पत्र देताना एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ईमेलनेही पाठवा, पण पोच असलेला कागद हातात असू द्या. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर बहुतेक लढाई याच कागदावर होते. योजना चांगली की वाईट यात न्यायालये सहसा पडत नाहीत, प्रक्रिया नीट झाली का, हरकत खरोखर विचारात घेतली का, हे मात्र पाहतात. गोव्यात मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खालचे नियम रद्द केले. तुकड्यातुकड्याने झोन बदलण्याच्या वाटेलाच तिथे लोकांनी आव्हान दिले होते.

हरकतीत कुणावरही आरोप करू नका. फेरफार नोंदींवरून जमिनी अलीकडे कुणी विकत घेतल्या ते दिसते, ते दिसले तर फेरफाराचा क्रमांक आणि तारीख लिहून थांबा. 'अमुकाला फायदा करून देण्यासाठी' असे वाक्य लिहिले की सगळी चर्चा त्या वाक्यावर जाते आणि ओहोळ मागे पडतो.

ग्रामसभेचा ठराव घ्या. तो प्राधिकरणाला बांधून ठेवत नाही, पण त्याचे वजन असते. ठराव करताना विषयपत्रिकेत विषय आधी छापला गेला पाहिजे, आणि मागे बसलेल्या बायकांना बोलू द्या. पाणी भरणाऱ्यांना पाण्याची माहिती जास्त असते.

सुनावणीच्या दिवशी

विकास योजनेच्या हरकती नियोजन समितीपुढे ऐकल्या जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जाणकार असतात. प्रत्येकाला थोडीच मिनिटे मिळतात. गावाने विषय वाटून घ्यावेत: एकाने पाणी, एकीने शाळा आणि रस्ता, एकाने पूर, एकाने गरज. सगळ्यांनी सगळे बोलायचे नाही. नकाशावर आपली जागा रंगीत पेनाने आधीच खुणावून न्या. बोलून झाले की आपला मुद्दा नोंदवला गेला का ते विचारा. नोंदीची प्रत मागा.

यानंतर बहुतेक गावे थांबतात, आणि इथेच मोठी चूक होते. समितीचा अहवाल प्राधिकरणाकडे जातो, तिथून योजना शासनाकडे. मंजुरीच्या वेळी शासन काही बदल सुचवू शकते. ते सारभूत असतील तर 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणून वेगळे काढून पुन्हा सूचना निघते आणि पुन्हा हरकती मागवल्या जातात. सुनावणीत वाचलेला गट दीड-दोन वर्षांनी ईपीच्या यादीतून परत येऊ शकतो. म्हणून त्या वाचनालयातल्या गुरुजींचा पहारा सुरूच राहू द्या.

झोन न बदलताही वसाहत येऊ शकते हे लक्षात असू द्या. एकात्मिक वसाहत प्रकल्प, म्हणजे 40 हेक्टर किंवा त्याहून मोठी टाउनशिप, शेती विभागातही नियमांनुसार करता येते. तिथे झोनबदलाची सूचना निघणारच नाही. मग पर्यावरण परवानगीकडे लक्ष ठेवा. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. पण गृहप्रकल्प आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून वगळलेले आहे, म्हणजे तुम्हाला कुणी बोलावणार नाही. अर्ज 'परिवेश' या संकेतस्थळावर दिसतो. त्यात पाण्याचा स्रोत म्हणून काय लिहिले आहे, नाला दाखवला आहे का, सांडपाणी कुठे सोडणार, हे वाचा आणि चूक असेल तर राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाला लेखी कळवा. मंजुरी मिळाली तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते, उशिराचे पटणारे कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत.

विकू पाहणाऱ्या शेजाऱ्याशी

हे सगळ्यांत अवघड आणि मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटणारे. हरित पट्ट्यातली प्रत्येक जमीन कुणाची तरी आहे. तिच्या मालकाला मुलीचे शिक्षण करायचे असते, कर्ज फेडायचे असते, मजूर मिळत नाही, विहिरीचे पाणी खारट झालेले असते. शेजारचा गट पिवळा झाला, त्याला कोटी मिळाले आणि आपण हिरव्यात अडकलो, असे त्याला वाटले तर ते चूक नाही. त्याच्याकडे न जाता, परस्पर त्याच्या जमिनीबद्दल हरकत देणे हे गाव फोडण्याचे काम आहे. आधी त्याच्या ओसरीवर बसा. "दादा, आम्ही हरकत देतोय, तुमचं काय म्हणणं आहे?" एवढे विचारायला धैर्य लागते, पण विचारले पाहिजे.

पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण व्हावे म्हणून पुणेकरांनी बरीच वर्षे लढा दिला आणि ऑगस्ट 2015 मध्ये शासनाने ते मान्य केले. मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, ठरला. जमीनमालकांना तो अपुरा वाटला, ताबा होत नव्हता, आणि काही टेकड्यांवर बेकायदा घरे चढत गेली. जमीन वाचवण्याची किंमत कुणीतरी भरायची असते. ती एकट्या शेतकऱ्यावर टाकली तर आरक्षण कागदावरच राहते. म्हणून तुमच्या हरकतीत एक परिच्छेद त्याच्यासाठी ठेवा: शेतीत राहणाऱ्याला रास्त मोबदला किंवा टीडीआर, विहीर व बावखल दुरुस्तीला मदत, माल विकायला बाजाराची सोय.

आणि गावाच्या स्वतःच्या मुलांचे काय? घराघरांत भाऊ वेगळे होतात, गावठाण भरलेले असते, शेतात घर बांधले की ते अनधिकृत ठरते. बाहेरच्या 2,000 सदनिकांना विरोध करताना गावठाण विस्ताराची मागणी त्याच पत्रात केली नाही, तर सुनावणीत पहिला प्रश्न हाच येईल, आणि तो यायलाच हवा. किती कुटुंबांना घर हवे, किती गुंठे लागतील, गावठाणालगतची कोणती जमीन चालेल, याची यादी करून न्या. ती यादी करायला आम्हाला एक संध्याकाळ लागली होती. 43 घरे निघाली, आणि त्यांतली बरीच नावे आमच्या विरोधात बोलणाऱ्यांच्या घरची होती.

विकास योजनेची उजळणी कायद्याप्रमाणे 20 वर्षांतून एकदा तरी होते. नकाशे, पोचपावत्या, विहिरींची यादी, पुराच्या फोटोंमागे लिहिलेल्या तारखा, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत हे सगळे एका फाइलमध्ये लावा. फाइलच्या पाठीवर गट क्रमांक आणि वर्ष लिहा. ती वाचनालयाच्या कपाटात ठेवा आणि तिथे आहे हे गावातल्या दोन तरुणांना सांगून ठेवा.